हुकूमनामा झाला, पण जमिनीवर बोजा बसला का?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. पतीच्या निधनानंतर त्यांनी घरचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली गावातल्याच एकाला विकली. थोडी रक्कम हातात आली, ४,८०,००० रुपये राहिले ते राहिलेच. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. चौदा महिन्यांपूर्वी निकाल त्यांच्या बाजूने झाला: मुद्दल ४,८०,०००, दावा दाखल केल्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ६ टक्के व्याज, आणि दाव्याचा खर्च १८,४००. कार्यालयात चौकशी केली तेव्हा कारकून म्हणाले, "नोंद झाली आहे." न्यूजर्सीत असलेले त्यांचे भाऊ म्हणाले, "मग झालं, आता त्याला जमीन विकताच येणार नाही." ताई निर्धास्त राहिल्या. आता कानावर आलं आहे की तो माणूस रस्त्यालगतचं एक एकर विकायला काढतोय. मधल्या काळात त्याने दोनदा तीस-तीस हजार रोख आणून दिले, पावती कुणीच केली नाही. दरमहा १०,००० द्यायची त्याची तयारी आहे. त्याची म्हातारी आई ताईंच्या अडीअडचणीला धावून आलेली आहे. ताई विचारतात: "जप्ती आणली तर त्या माउलीला घराबाहेर काढल्यासारखं होईल का? आणि नाही आणली, तर माझे पैसे बुडतील का?"

ताई, तुमच्या प्रश्नाच्या आधी एक समज दुरुस्त करू, कारण सगळा धोका तिथेच आहे. "नोंद झाली" हे कारकुनाचं म्हणणं खरं आहे. पण ती नोंद कोर्टाच्या दावा नोंदवहीतली आहे. दाव्याच्या क्रमांकासमोर निकालाची तारीख, कोणाच्या बाजूने आणि किती रकमेचा, एवढं तिथे लिहिलं जातं. ती नोंदवही कोर्टाबाहेर जात नाही. तलाठी ती पाहत नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती दिसत नाही, आणि जमीन घ्यायला आलेला माणूस सातबारा काढतो तेव्हा तुमच्या हुकूमनाम्याचा (निकालावरून निघणाऱ्या वसुलीच्या आदेशाचा) त्याला मागमूसही लागत नाही.

भाऊंनी चुकीचं सांगितलं असंही नाही. ते ज्या राज्यात राहतात तिथे कायदाच वेगळा आहे. न्यूजर्सीत पैशाच्या निकालाची नोंद ट्रेंटन इथल्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे झाली की ऋणकोच्या राज्यभरातल्या स्थावर मिळकतीवर त्या नोंदीनेच बोजा बसतो आणि तो २० वर्षं टिकतो. तिथेही लहान रकमांचे निकाल ज्या खालच्या विभागात होतात तिथून ते आपोआप ट्रेंटनला जात नाहीत; वेगळं विवरणपत्र आणि फी भरून पाठवावे लागतात, आणि हे न केल्यामुळे फसलेले लोक तिथेही आहेत. आपल्याकडे मात्र अशी नोंदच नाही जिने निव्वळ हुकूमनाम्याचा बोजा होईल. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जमीन बांधली जाते ती जप्तीने. जप्ती मिळते दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दिल्यावर. आणि दरखास्त कोर्ट आपणहून काढत नाही, ती हुकूमनामाधारकाने द्यायची असते. तुम्ही ती अजून दिलेली नाही. म्हणजे आज त्याने ती जमीन विकली तर फक्त तुमच्या हुकूमनाम्याच्या जोरावर ती विक्री रद्द होणार नाही.

काही जण इथे "लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवा" असा सल्ला देतात. महाराष्ट्रात अशी नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते हे खरं, पण ती ज्या दाव्यात मिळकतीच्या हक्काचाच वाद आहे त्यासाठी. तुमचा दावा पैशाचा होता. तो मार्ग तुमचा नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आता पत्रातला दुसरा समज. तुम्ही जप्ती आणि घराबाहेर काढणं एकाच दमात लिहिलं आहे. या दोन गोष्टींत खूप अंतर आहे. जप्ती म्हणजे कोर्टाचा मनाई हुकूम: ऋणकोने ही जमीन विकू नये, गहाण टाकू नये, आणि कुणी घेऊही नये. ताबा त्याच्याकडेच राहतो, पेरणी तोच करतो. लिलाव हा त्यानंतरचा टप्पा, त्यासाठी तुम्हाला वेगळी पावलं उचलावी लागतात, विक्रीचा जाहीरनामा निघावा लागतो, तो लागल्यापासून किमान १५ दिवस जावे लागतात. बोली संपेपर्यंत पैसे भरून तो लिलाव थांबवू शकतो. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के भरून तो विक्री रद्द करून घेऊ शकतो. राहता राहिलं घर: शेतकऱ्याचं स्वतःच्या राहण्याचं घर, त्याची लगतची जागा, शेतीची अवजारं, बैल, बियाणं हे संहितेच्या कलम ६० प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. ती आजी त्या घरात राहत असेल तर तुमच्या दरखास्तीने तिच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. त्यामुळे जप्ती आणली तर तुम्ही निष्ठुर ठरता, हे ओझं मनावरून उतरवा. तुम्ही फक्त रस्त्यालगतच्या एकराला हात लावायचा आहे, आणि तोही तो विकायला काढतोय म्हणून.

वेळेचं गणित तुमच्या बाजूचं आहे, पण सैल नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला १२ वर्षं असतात, म्हणून लोक निवांत राहतात. मात्र निकालाला दोन वर्षं उलटली की दरखास्तीत आधी सामनेवाल्याला नोटीस काढावी लागते, आणि ती नोटीस हातात पडली की विकायला काढलेली जमीन पटकन विकली जाते. तुम्हाला चौदा महिने झालेत. या नोटिशीची गरज अजून नाही. आणखी एक काटा आहे: त्याने कुणाशी साठेखत करून ते नोंदवून टाकलं आणि तुमची जप्ती त्यानंतर आली, तर त्या साठेखताप्रमाणे झालेली विक्री जप्तीच्या आड येत नाही, तिला कलम ६४ मध्ये संरक्षण आहे. म्हणून या आठवड्यात हालचाल करा, पुढच्या महिन्यात नाही.

सुरुवात कागदापासून. नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या. दोन्ही वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणं असतात, वसुली हुकूमनाम्यावर होते. निकालानंतर १५ दिवसांत तो तयार व्हावा असा नियम आहे, पण तुमचा खरोखर तयार होऊन सहीचा झाला आहे का ते बघा. हातात आला की चार ओळी बोट ठेवून वाचा. सामनेवाल्याचं नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसंच आहे का? दाव्यात "बाळू" आणि सातबाऱ्यावर "बाळासाहेब" असेल तर तलाठी नोंद घेताना अडतो, आणि त्याचं अडणं बरोबरच असतं. दुसरं, रक्कम अंकी आणि अक्षरी सारखी आहे का. तिसरं, व्याज कोणत्या तारखेपासून. निकालपत्रात "दावा दाखल केल्यापासून" आणि हुकूमनाम्यात "निकालापासून" असं पडलं तर तुमचं जवळपास दोन वर्षांचं व्याज एका शब्दात जातं. चौथं, खर्चाचा तक्ता भरलेला आहे की रिकामा. अशी लेखनिकाची चूक कलम १५२ खाली साध्या अर्जाने केव्हाही दुरुस्त होते, मात्र दरखास्तीच्या आधी केलेली बरी.

जमिनीचे कागद तुम्हीच जमवा, कोर्ट शोधून देत नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, सोबत आठ-अ आणि शेवटचे दोन-तीन फेरफार काढा. दरखास्तीत गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा आणि सामनेवाल्याचा हिस्सा लिहावा लागतो. "गावातली त्याची सर्व जमीन" असं मोघम लिहिलं तर ती परत येते. खातं सामाईक असेल, आईचं किंवा भावाचं नाव असेल, तर जप्त होतो तो फक्त त्याचा हिस्सा. 'इतर अधिकार' हा रकाना तर शांतपणे वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांचं गहाण तुमच्या आधीचं आहे, जप्ती त्याला ओलांडत नाही. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर वकिलांना ते आधीच दाखवा, कारण अशा जमिनीच्या विक्रीला निर्बंध असतात.

दरखास्त दिल्यावर कार्यालय ती तपासतं: दाव्याचा क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख, अपील झालं का, आधी दरखास्त दिली होती का, आजवर काही रक्कम मिळाली का, आज येणं किती, आणि वसुली कशाने हवी. त्रुटी असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. दाखल झाली की दरखास्त नोंदवहीत तारखेसह नोंद होते आणि तिला स्वतःचा क्रमांक मिळतो. दाव्याचा क्रमांक वेगळा, दरखास्तीचा वेगळा. पुढच्या प्रत्येक कागदावर दोन्ही लिहा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकही (प्रकरणाचा संगणकावरचा ओळख क्रमांक) घेऊन ठेवा, म्हणजे पुढची तारीख घरबसल्या पाहता येते.

मिळालेल्या रकमेच्या रकान्यात साठ हजार लिहायचे, ताई. पावती नाही म्हणून ते गाळण्याचा मोह कुणी तुम्हाला घालेल. कायदा असा आहे की कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदली गेली नाही तर दरखास्तीच्या कोर्टात ती धरली जात नाही, आणि ती नोंदवून घ्यायला सामनेवाल्याला रक्कम दिल्यापासून फक्त ३० दिवस असतात. त्याचे ते दिवस गेले असतील. पण रक्कम मिळाल्याचं कोर्टाला कळवणं हे मुळात हुकूमनामाधारकाचं काम आहे, आणि दरखास्तीखाली तुम्ही सत्यतेची सही करता. दोन तारखा आणि तीस-तीस हजार अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन टाका. गावात तोंड वर करून चालता येईल आणि उलटतपासणीत कुणी बोट ठेवू शकणार नाही.

हिशोब असा मांडा. ४,८०,००० वर ६ टक्के म्हणजे वर्षाला २८,८००, महिन्याला २,४००. तीन वर्षांचं व्याज ८६,४००, खर्च १८,४००, एकूण येणं ५,८४,८००. मिळालेले ६०,००० आधी व्याज-खर्चात वळते केले तर व्याज-खर्चाचे ४४,८०० उरतात आणि मुद्दल जसंच्या तसं राहतं; आजचं येणं ५,२४,८००. हा तक्ता एका पानावर, तारखांसह, दरखास्तीला जोडा. हिशोब नीट नसला की त्यावरच दोन-तीन तारखा जातात.

जप्तीचा आदेश दरखास्तीवरच, म्हणजे निशाणी १ खाली होतो. आदेश झाला म्हणजे जप्ती झाली असं नाही. प्रोसेस फी भरायची, मग वॉरंट नाझराकडे (कोर्टाच्या बजावणी विभागाच्या प्रमुखाकडे) जातं, नाझर ते बेलिफाला नेमून देतो. कितीतरी दरखास्ती इथेच मरतात: फी भरली नाही, बेलिफाला गट दाखवायला कुणी गेलं नाही, वॉरंट "बजावणी नाही" म्हणून परत. बेलिफ गावात येईल त्या दिवशी तुमच्या बाजूचा एक माणूस सातबारा आणि गटनकाशा घेऊन हजर ठेवा. तो शेतावर किंवा लगत दवंडी देतो, आदेशाची प्रत शेतात ठळक जागी लावतो, एक कोर्टाच्या इमारतीवर, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक ग्रामपंचायतीत लागावी लागते; पंचनामा करून अहवाल देतो. हा अहवाल रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) आला की त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि चारही ठिकाणं त्यात आहेत का बघा. एक जरी सुटलं तरी पुढे खरेदीदाराचा वकील तेच पकडतो.

यानंतर सातबारा. जप्ती कायद्याने पुरी होते ती वरच्या बजावणीने, सातबाऱ्यावर नोंद नसली म्हणून ती रद्द ठरत नाही. पण गिऱ्हाईक वाचतं ते सातबारा. म्हणून जप्तीच्या आदेशासोबतच "तलाठी व तहसीलदार यांना नोंदीसाठी पत्र द्यावे" असा अर्ज द्या. ते पत्र आवक क्रमांक घेऊन तलाठी कार्यालयात पोचवा (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे). फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीचे १५ दिवस जातात, मंडळ अधिकारी मंजूर करतात, मग 'इतर अधिकार'मध्ये दरखास्त क्रमांकासह जप्तीचा शेरा येतो. शेरा आलेला सातबारा स्वतः काढून पाहिल्याशिवाय काम झालं असं धरू नका. याच पत्राची प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. ज्यांचा ऋणको शहरात आहे त्यांनी सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नोंद मागावी आणि फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवांना प्रत द्यावी. मिळकत दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत असेल तर आधी हुकूमनामा त्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो, सोबत किती वसुली झाली आणि किती बाकी याचा दाखला लागतो.

जप्तीनंतर केलेली खाजगी विक्री तुमच्या येण्याच्या आड येत नाही, तेवढ्यापुरती ती रद्दबातल. तरीही जप्ती म्हणजे गहाण नव्हे. दुसऱ्या कुणाचाही त्याच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा असेल आणि लिलावाची रक्कम कोर्टात येण्याआधी त्याने दरखास्त दिली असेल, तर कलम ७३ प्रमाणे रक्कम प्रमाणात वाटली जाते. पहिली जप्ती माझी म्हणून सगळे पैसे माझे, असं होत नाही.

आता १०,००० च्या हप्त्याकडे. व्याज धरून सगळं फिटायला साधारण ६१ महिने लागतील, म्हणजे पाच वर्षांवर. माझं मत विचाराल तर हप्ते मान्य करा, पण तोंडी नाही आणि जप्तीच्या बदल्यात तर नाहीच. आधी जप्ती होऊ द्या, मग दरखास्तीत दोघांनी सहीची तडजोड पुरसिस द्या: दर महिन्याच्या अमुक तारखेला रक्कम तुमच्या बँक खात्यात, लागोपाठ दोन हप्ते चुकले तर बाकी सगळी रक्कम एकदम वसूल, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत जप्ती कायम. हे शेवटचं वाक्य विसरू नका. दरखास्त निकाली काढताना जप्ती चालू राहील की नाही, आणि कुठवर, हे कोर्टाने आदेशात लिहायचं असतं. लिहिलं नाही तर ती आपोआप संपली असं कायदा धरतो. हप्ते सुरू झाले, दोघं खूश, दरखास्त "तडजोडीने निकाली" अशी एका ओळीत काढली, आणि वर्षभरात जमीन विकली गेली, असं होतं ते याच कोऱ्या जागेमुळे. आदेशाची प्रत घेऊन ती ओळ डोळ्यांनी वाचा.

तो एकर विकूनच पैसे देणार असेल तर तेही वाईट नाही. खरेदीदाराने तुमची रक्कम खरेदीखताआधी कोर्टात भरावी, तुम्ही जप्ती उठवण्याला संमती द्यावी. आजी त्या जमिनीवरून रडली तर हा मार्ग तिलाही सांगा. लिलावापेक्षा भाव बरा येतो. तुरुंगाच्या वॉरंटचा मार्ग तुम्ही विचारला नाहीत ते बरं केलंत. तो ऐपत असून देत नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि तुरुंगात राहून देणं फिटतही नाही. जमीन तुमच्या हालचालीआधीच गेली असेल तर खरेदीची रक्कम त्याच्या कुठल्या खात्यात आली ते शोधून ते खातं जप्त करण्याचा अर्ज द्या. नोकरदार ऋणकोच्या बाबतीत पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. ३१,००० पगार असेल तर महिना १०,००० पर्यंत जप्त होऊ शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असं सांगितलं आहे. तारखा लांबत असतील तर वकिलांना त्याचा आधार घेऊन अर्ज द्यायला सांगा.

आणि शेवटचा हप्ता येईल त्या दिवसासाठी एक कागद आत्तापासून डोक्यात ठेवा. पूर्ण रक्कम मिळाल्याची पुरसिस तुम्ही द्यायची, कोर्ट पूर्ण वसुलीची नोंद घेऊन जप्ती उठवतं, पण सातबाऱ्यावरचा शेरा तेवढ्याने पुसला जात नाही. कोर्टाच्या आदेशाची प्रत तलाठ्याकडे नेऊन तो कमी करण्याचा फेरफार पुन्हा धरावा लागतो. पुरसिशीची एक प्रत त्या माणसाच्या हातात त्याच दिवशी द्या, म्हणजे त्याला त्यासाठी तुमच्या दारात यावं लागणार नाही.